पिंपळसोंडचे खाडे

“मोठ्यानं वाच की,” रणजितसर म्हणाले. “सगळ्यांना ऐकू दे.”

सगळे म्हणजे मी, ते स्वतः आणि चहा घेऊन आलेल्या अक्काताई. मी स्क्रीनकडे बघून वाचलं, “प्रस्तुत प्रणाली ही दुग्धसंकलनाच्या सर्वांगीण व्यवस्थापनासाठी विकसित केलेली एक सक्षम, लवचिक व भविष्यवेधी प्रणाली आहे.”

“वा!” सरांनी टेबलावर थाप मारली. “इतक्या वर्षांत तू असं एक वाक्य लिहिलं नाहीस, शैलजा.”

“सर, पण यातून कळलं काय?”

“काहीतरी भारी आहे एवढं कळलं. अजून काय कळायला पाहिजे?”

अक्काताईंनी मान डोलावली. त्यांनाही ते आवडलं असावं. मी चहा घेतला आणि पुढची पानं चाळायला लागले. पानं संपेचनात.

ही कोल्हापुरातली गोष्ट. आमची कंपनी छोटी, रणजितसर तिचे मालक, ऑफिस शाहूपुरीत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. एका मोठ्या दूध संघाचा प्रोग्रॅम आम्ही सांभाळायचो. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, कुणाचा खाडा पडला, सगळं त्यात. आम्ही म्हणजे खरं तर मीच. तो प्रोग्रॅम मी एकटीनं लिहिला होता आणि त्यातलं काय कशासाठी आहे, ते फक्त माझ्या डोक्यात होतं. लिहून ठेवायला वेळ कुणाला होता? एक केंद्र सुरू होतंय तोवर दुसऱ्याचा फोन यायचा.

आणि आता मला जायचं होतं. माझा नवरा अरविंद रत्नागिरीला कॉलेजात शिकवतो. मुलगी ऋता त्याच्याजवळ, कारण सासूबाई तिथं. मी शनिवारी आंबा घाट उतरून जायची, रविवारी संध्याकाळी परत. एकदा ऋता म्हणाली, “आई, तू पाहुण्यांसारखी येतेस गं.” त्यानंतर महिन्याभरात मी रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यातीच्या कंपनीत नोकरी मिळवली. त्यांची अट एकच. एक तारखेला हजर व्हायचं आणि येताना जुन्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं.

ते पत्र सरांच्या हातात होतं. सर म्हणाले, “तुला अडवणारा मी कोण? पण तुझ्या डोक्यातलं आधी कागदावर उतरव. संघालाही सगळं लेखी पाहिजे आहे, मराठीत. त्यांनी ते स्वीकारलं की त्या क्षणी पत्र तुझ्या हातात.”

मागणी रास्त होती. मी लिहायलाही बसले होते. पण तेवढ्यात सरांनी कुठल्याशा प्रदर्शनात ‘लेखनिक’ बघितला. एआयवर चालणारं टूल. प्रोग्रॅम त्याच्यापुढे टाकायचा, तो वाचून आपणहून सगळी माहिती लिहून काढतो.

“याला पगार नको, रजा नको,” सर म्हणाले, “आणि हा माझ्याशी भांडत नाही.”

मीही हुरळले, खोटं कशाला बोलू? दोन दिवसांत सुटका! प्रत्यक्षात मी त्यानं लिहिलेल्या पुस्तकाशी दोन आठवडे झटापट करत होते.

लेखनिकला ‘माहीत नाही’ हे दोन शब्द शिकवलेच नव्हते. जिथं कळत नाही तिथं तो जास्तच रुबाबात लिहायचा. म्हैस अचानक कमी दूध द्यायला लागली की केंद्रावर सांगतात, म्हैस रुसली. म्हणून मीही त्या तपासणीचं नाव तेच ठेवलं होतं. लेखनिकनं लिहिलं, ‘हा विभाग पशुधनाच्या भावनिक स्थितीचे मूल्यमापन करतो.’ मी कपाळावर हात मारला आणि ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅममध्ये कुठंतरी एक क्षुल्लक बदल केला, तर लेखनिकनं सगळं पुस्तक पुन्हा नव्यानं लिहिलं. माझ्या दुरुस्त्या गायब. म्हैस पुन्हा भावनिक.

“सर, हा माझं खोडतोय!”

“मग तू परत लिही.”

“परत खोडतोय!”

“अगं, त्याला समजावून सांग. तू फार तुसडेपणानं बोलतेस त्याच्याशी.”

डोंबल! मी त्याच्याशी बोलतच नव्हते. मी त्याची हस्तलिखितं तपासणारी मास्तरीण झाले होते, आणि विद्यार्थी असा की रोज तीच चूक नव्या अक्षरात करून आणायचा.

बाकीच्या चुका मी एक वेळ सोडून दिल्या असत्या. म्हशीच्या भावनांनी कुणाचं नुकसान होत नाही. पण पिंपळसोंडचा नियम मला सोडता येत नव्हता.

पिंपळसोंड हे डोंगराकडेचं एक गाव. तिथं चैत्रात सिद्धोबाची यात्रा असते, चार दिवस. त्या चार दिवसांत गावातलं सगळं दूध देवाच्या खिरीला जातं. विकायचं नाही, संघाला घालायचं नाही. घातलं तर जनावराला बाधा होते असं मानतात. आता संघाचा नियम असा की सलग तीन दिवस खाडा पडला की तो सभासद अक्रियाशील. अक्रियाशील सभासदाला संघाच्या निवडणुकीत मत नाही. कॉम्प्युटर यायच्या आधी केंद्रावरचा माणूस यात्रेचे खाडे मांडतच नसे, त्यामुळं कधी अडलं नाही. प्रोग्रॅम आला त्या पहिल्याच वर्षी मात्र अख्खं गाव यादीतून उडालं. गावच्या बायका टेम्पोत बसून संघाच्या ऑफिसात आल्या, आणि समोर सापडले मी. त्यांनी मला जे सुनावलं, ते मी घरी अरविंदलासुद्धा पूर्ण सांगितलं नाही. त्याच दिवशी तिथंच बसून मी तिथीप्रमाणं यात्रेचे दिवस काढणारा नियम लिहिला. त्या दिवसांत पिंपळसोंडचा खाडा खाडा धरायचा नाही.

आणि लेखनिक लिहीत होता, ‘हा भाग चंद्राच्या कलांवर आधारित एक जुना प्रयोग असावा. सध्याच्या कामकाजाशी त्याचा संबंध आढळत नाही. कालबाह्य समजून काढून टाकावा, अशी शिफारस आहे.’

मी ते बदललं. त्यानं पुन्हा तेच लिहिलं. मग मी थेट प्रोग्रॅममध्येच, त्या नियमाच्या डोक्यावर, साध्या मराठीत लिहून ठेवलं, ‘यात्रेत पिंपळसोंडचं दूध देवाला जातं. हे काढू नका, लोकांची मतं जातील.’ म्हटलं, आता तरी वाचेल. त्यानं वाचलं. आणि लिहिलं, ‘हा विभाग स्थानिक श्रद्धाविषयक घटकांसाठी पुरवठ्याचे लवचिक समायोजन करतो व अभिप्रायांची नोंद घेतो. शिफारस : काढून टाकावा.’

“सर, हे बघा! देव गेला, दूध गेलं, मतं गेली, काय उरलं? लवचिक समायोजन!”

सर चष्मा वर करून वाचत राहिले. “भाषा मात्र छान आहे.”

“तुमच्या नव्या माणसानं हे वाचून नियम काढला तर?”

“नवा माणूस येऊ तर दे.”

रणजितसर वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांना कुणालाच ‘नाही’ म्हणता यायचं नाही, एवढंच. मला नाही, संघाला नाही, लेखनिक विकायला आलेल्या पोरालाही नाही. त्या पोराकडे त्यांनी तीन वर्षांचे पैसे आधीच भरून टाकले होते.

महिनाअखेर जवळ आली. संघाच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख शिंत्रेसाहेब दस्तऐवज स्वीकारायला आमच्याकडे आले. आठ दिवस आधी सरांनी त्यांना कच्ची प्रत पाठवली होती. साहेब अगदी खुशीत होते. त्यांनी स्पायरल लावलेलं ते जाडजूड पुस्तक हातात तोलून बघितलं.

“मॅडम, झकास काम. असं पाहिजे. फक्त शेवटच्या पानावर तुमची सही राहिलीय.”

शेवटच्या पानावर छापलं होतं, ‘मी या प्रणालीची मूळ लेखिका असून वरील सर्व मजकूर वाचला आहे व तो बरोबर आहे.’

“करते ना साहेब. एका ठिकाणी चूक आहे, तेवढी हातानं दुरुस्त करते आणि सही करते.”

“कुठं?”

“पिंपळसोंडच्या नियमात.”

“तिथं काय चूक आहे?” साहेबांनी पुस्तक उघडलं आणि ते पान त्यांना लगेच सापडलं. “काढून टाकावा म्हटलंय. टाका काढून.”

मला वाटलं, बिचाऱ्यांना कळलं नाही. या भाषेत कुणाला काय कळणार?

“साहेब, तुम्ही तर त्याच पट्ट्यातले. यात्रेत दूध देवाला जातं ना?”

“न जायला काय झालं! लहानपणी खिरीच्या पंगतीत बसलोय की मी.”

“मग हा नियम त्यासाठीच आहे. या टूलला ते कळत नाहीये. थांबा, दाखवते.”

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लेखनिक चालूच होता. तळाशी त्याला प्रश्न विचारायची एक चौकट होती. इतक्या दिवसांत मी तिला हातही लावला नव्हता, संतापच तेवढा होता. मी टाईप केलं, ‘हा नियम काढला तर काय होईल?’

उत्तर लगेच आलं, आणि या वेळी त्यात एकही जड शब्द नव्हता. ‘पिंपळसोंड केंद्रातील सर्व सभासदांना यात्रेच्या दिवसांत सलग खाडे लागतील. त्यामुळे ते अक्रियाशील ठरतील. अक्रियाशील सभासदांची नावे मतदारयादीत येत नाहीत.’

माझा मेला तोंडाचा आ तसाच राहिला. सगळं कळत होतं याला! विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

“बघा साहेब,” मी जिंकल्यासारखी म्हणाले. “आता कळलं?”

शिंत्रेसाहेबांनी ते शांतपणे वाचलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग त्यांनी विचारलं, “हे या पुस्तकात छापलंय का?”

“नाही.”

“मग नकोच. उगाच पानं वाढतात.”

रणजितसर एकदम पाण्याचा ग्लास शोधायला लागले. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यात्रा चैत्रात, मतदारयादी वैशाखात, निवडणूक ज्येष्ठात. मागच्या निवडणुकीत पिंपळसोंडनं संघाच्या अध्यक्षांच्या पॅनलला एकही मत दिलं नव्हतं. साहेबांना ते पान सापडायला वेळ लागला नव्हता, कारण आठ दिवस ते त्याच पानावर बसून होते.

“साहेब,” मी म्हणाले, “मग असं करा. नियम काढा, असं संघाच्या लेटरहेडवर लेखी द्या. आजच काढते.”

“लेखी कशाला?”

“तुम्हालाच तर सगळं लेखी पाहिजे होतं.”

“अहो, मशीन सांगतंय काढा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंनी वाचून, बरोबर आहे म्हणून सही केली. यात संघ कुठं आला?” त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. “करा सही. तुम्हालाही एक तारखेला रत्नागिरीला हजर व्हायचंय म्हणे.”

म्हणजे तेही माहीत होतं. मी सरांकडे बघितलं. सर छताकडे.

“शैलजा,” ते अगदी हळू म्हणाले, “तुझं पत्र टाईप करून ठेवलंय बघ. ड्रॉवरमध्येच आहे.”

मला इतका राग आला, इतका राग आला की कानांतून वाफ निघतेय असं वाटलं. शिंत्रेंचा आलाच, पण त्याहून सरांचा. चार ओळींचं पत्र, माझ्यापासून हातभर अंतरावर. सही केली की संध्याकाळच्या गाडीनं घाट उतरायचा, कायमचा. आणि सही न करता नुसती निघून गेले तरी काय होणार होतं? येणारा नवा माणूस ते पुस्तक उघडणार, शिफारस वाचणार आणि इमानानं नियम काढणार. त्याची चूक काय?

मी पेन उचलून साहेबांना परत दिलं.

“नाही करत सही. आणि सर, माझा राजीनामा मी मागं घेतेय.”

“काय?” दोघंही एकदमच म्हणाले.

“संघाच्या प्रोग्रॅमला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लावायचा असेल तर लेखी द्या, म्हणजे मी तो कागद पिंपळसोंडला वाचून दाखवते. त्या बायकांची आणि माझी जुनी ओळख आहे.”

शिंत्रे उठले. “रणजितराव, पुढच्या वर्षीचं काम कुणाला द्यायचं ते अजून ठरायचंय, एवढं लक्षात ठेवा.”

“साहेब, मी काय करू?” सरांनी दोन्ही हात वर केले. “बाई ऐकत नाहीत. तुम्ही बघताय ना?”

त्यांचा आवाज रडवेला होता, पण चेहरा चक्क उजळला होता. ‘नाही’ म्हणायचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं की त्यांना असंच हलकं वाटायचं.

अरविंदला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “कुठलं पिंपळसोंड? तू कधी गेलीयस तिथं?”

“नाही.”

“कुणाला ओळखतेस?”

“मला शिव्या घालून गेल्या होत्या त्या बायका. नावं नाही माहीत.”

“आणि त्यांच्यासाठी तू इथली नोकरी सोडतेस?”

“तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, अरविंद. निवडणूक होऊ दे.”

“ते लोक थांबणार नाहीत तुझ्यासाठी. तूच ऋताला सांग. मी नाही सांगणार.”

त्यानं फोन तिच्या हातात दिला. “आई, मी कपाटातला वरचा कप्पा रिकामा केलाय तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “साड्या मावतील का गं?” मी म्हटलं, मावतील. पुढचं मला सांगताच आलं नाही. ते शेवटी अरविंदनंच सांगितलं असणार, कारण पुढचा आठवडाभर ती फोनवर आली नाही.

रत्नागिरीची नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी कोल्हापुरातच राहिले, शनिवारी जायची, रविवारी यायची. शिंत्रेंचे सरांना फोन यायचे, सर प्रत्येक वेळी “बाई ऐकत नाहीत” एवढंच म्हणायचे. लेखनिक अधूनमधून पुस्तक नव्यानं लिहायचा आणि मी ते वाचायचं सोडून दिलं होतं. चैत्रात यात्रा झाली. चार दिवस पिंपळसोंडहून दुधाचा थेंब आला नाही आणि कुणाला खाडा लागला नाही. वैशाखात मतदारयादी लागली. पिंपळसोंडची सगळीच्या सगळी नावं तिच्यात होती. मी ती तीन वेळा वाचली आणि त्या दिवशी जेवणाच्या डब्याबरोबर खालच्या खाणावळीतून सोलकढी पण मागवली.

ज्येष्ठात निवडणूक झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला. शिंत्रेसाहेब होते. मी मनाची तयारी करून फोन घेतला.

“मॅडम! पेढे पाठवतोय तुमच्याकडं. अध्यक्ष निवडून आले, अख्खं पॅनल आलं!”

“अभिनंदन,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“आणि तारलं कुणी सांगू? पिंपळसोंडनं! बाकी सगळीकडं काठावर होतो आम्ही. तिथनं एकगठ्ठा मतं पडली बघा.”

“पिंपळसोंडनं? तुम्हाला?”

“मग! यात्रेला अध्यक्ष स्वतः गेले, खिरीला पाच पोती साखर दिली. बायकांनी ओवाळलं त्यांना. आम्ही उगाच त्यांना काढायला निघालो होतो. तुम्ही अडवलंत ते फार बरं केलंत. अध्यक्षांना सांगितलंय मी तुमचं नाव.”

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग अरविंदला लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही.

“पाच पोती साखर,” तो म्हणाला. “आणि तू कशासाठी थांबली होतीस?”

“त्यांना मत देता यावं म्हणून.”

“दिलं कुणाला?”

“ते त्यांचं ते बघतील! कुणाला द्यावं हे सांगणारी मी कोण लागून गेले?”

हे मी फार मोठ्यानं बोलले, कारण दारातून अक्काताई बघायला लागल्या. फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले, अगदी हमसून. ऋतासाठी रडले, त्या बायकांवर चिडून रडले, आणि तसंच पुन्हा करावं लागलं तर मी पुन्हा तेच करणार, हे कळत होतं म्हणूनही रडले.

तेवढ्यात रणजितसर संघाच्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. बॉक्सवर माझं पत्र ठेवलेलं होतं, कार्यमुक्तीचं, सहीशिक्क्यासकट. न मागता.

“संघानं पुस्तक स्वीकारलं,” ते म्हणाले. “शिफारस खोडून. तू आता जाऊ शकतेस.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, “आनंदाश्रू का गं?”

मी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं. मग बॉक्समधला एक पेढा उचलला आणि खाल्ला. चांगला होता.